सातव्या बोगद्यातला डावा दिवा

पांढरकवड्याच्या बायपासला लागून जहीरभाईंचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांची पोरगी अतिया बसलेली असते. पुढे बाप ट्रकांची पोटं उघडतो, मागे पोरगी एका टीव्ही मालिकेचं पोट उघडते. दोघांनाही आपापल्या कामाचा सारखाच गर्व. फरक एवढाच की बापाने उघडलेलं परत बंद होतं आणि गाडी चालू लागते.

मालिकेचं नाव ‘सातवा बोगदा’. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, एका घाटात सहा बोगदे आहेत आणि कधीकधी सात असतात. बुडून मेलेल्या एका बाईचा तपास करायला एक इन्स्पेक्टर तिथल्या गावात येतो, तर अख्खं गाव त्याला त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारतं. गावातली विहीर भरदुपारी गाते. एक गाय पहिल्या भागात एकच वाक्य बोलते आणि मग दोन्ही सीझनभर नुसती रवंथ करते. कोणालाच काही कळत नाही, म्हणून सगळे पाहतात.

आता अशा मालिकेत चूक कोणती आणि खूण कोणती, हे ठरवायचं कसं? चहाचा कप उजव्या हातात होता, बाई वळली तर डाव्या हातात. भिंतीवरचं कॅलेंडर दोन वाक्यांच्या मध्ये एक महिना मागे गेलं. दुसऱ्या मालिकेत याला ढिसाळपणा म्हणतात. ‘सातव्या बोगद्या’त याला अर्थ असतो. असा अर्थ काढणाऱ्या लोकांचा फोनवर एक मोठा ग्रुप होता आणि त्या ग्रुपात अतियाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती मोठी झाली ती गाडीमुळे. मालिकेत एक जुनी काळी मोटार आहे, गोल दिव्यांची. डावा दिवा फुटलेला, डाव्या दाराला हा एवढा पोचा. गावातले लोक तिला एकडोळी म्हणतात. पहिल्या सीझनच्या शेवटी ही एकडोळी बोगद्यात शिरते आणि पलीकडून निघते ती दोन्ही डोळे लखलखवत. दाराचा पोचाही गायब. ग्रुपात नुसता कल्लोळ झाला. कोणी म्हणालं काळ उलटा फिरला, कोणी म्हणालं इन्स्पेक्टरला स्वप्न पडलं. अतियाने मात्र चित्र थांबवून थांबवून पाहिलं आणि तिला ती दिसली. बंपरच्या खाली लोंबणारी वेणी.

काळी, जाड, आणि तिच्यात एक हिरवा धागा. शिरणाऱ्या गाडीला ती नव्हती, निघणाऱ्या गाडीला होती. अतियाने त्याच दिवशी जाहीर केलं की गाड्या दोन आहेत. शिरली ती जिवंतांची, निघाली ती बुडालेल्यांची. वेणी त्या मेलेल्या बाईची आणि हिरवा धागा म्हणजे विहिरीतलं शेवाळ. लोक अक्षरशः येडे झाले. पुसदचे प्रेमसिंग नावाचे एक मास्तर तर तेव्हापासून तिला ‘मॅडम’ म्हणू लागले आणि तिनेही त्यांना कधी अडवलं नाही.

ग्रुपात एकच बाई होती जिला हे पटलं नव्हतं. मोनाली तिचं नाव. ती फार बोलायची नाही, पण गाडीचा विषय निघाला की एकच वाक्य लिहायची, “गाडी एकच आहे. दिवा वाटेत कोणीतरी बदलला.” अतियाने तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “ताई, वाटेत कोण बदलणार? भूत?” त्यावर ग्रुप इतका हसला की मोनाली महिनाभर गप्प होती.

आणि मग मालिकेचे दिग्दर्शक इंद्रजित यांनी जाहीर केलं की तिसऱ्या सीझनचं लिखाण सुरू होतंय. डाव्या दिव्याचं रहस्य जो उलगडेल त्याला मुंबईला, लिहिणाऱ्यांच्या खोलीत बसायला मिळेल. काम, पगार, सगळं. रविवारी दुपारी ते स्वतः लाइव्ह येऊन निवडक लोकांचं ऐकणार होते आणि पहिलं नाव अतियाचं होतं.

हे नाव वाचलं तेव्हा अतियाला आश्चर्य वाटलं नाही. तिला वाटलं, चला, त्यांना कळलं एकदाचं. पुसदला कॉलेज करून ती घरी आली त्याला दोन वर्षं झाली होती. जहीरभाई तसा उदार बाप. त्यांनी लग्नाची घाई केली नव्हती, फक्त गॅरेजशेजारची जागा स्पेअर पार्टच्या दुकानासाठी पाहून ठेवली होती आणि गल्ल्यावर अतिया बसेल असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अतियाला गल्ल्यावर बसायचं नव्हतं. जिथे गोष्टी बनतात त्या खोलीत तिला बसायचं होतं, आणि आयुष्यात तिला इतकं दुसरं काही हवं झालं नव्हतं.

शुक्रवारी तिने बंपरचा तो फोटो चौकातल्या स्टुडिओतून हातभर मोठा करून आणला आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवला. लाइव्हमध्ये मागे दिसला पाहिजे, असा विचार. समोर उभी राहून ती बोलण्याची तालीम करत होती, तेवढ्यात दादी आत आली. दादी म्हणजे बिस्मिल्लाबी, जहीरभाईंची आई. काखेत लोकरीची पिशवी, नाकावर चष्मा. तिने फोटोकडे पाहिलं, चष्मा वर केला, जवळ गेली.

“हा गोंडा माहा हाय,” दादी म्हणाली.

“दादी, गोंडा नाही तो. बुडालेल्या बाईची वेणी हाय.”

“बुडाली असंल तुही बाई. गोंडा माहा हाय. हे पाह्य, खाली दोन उलट्या गाठी. अशा गाठी या गावात दुसरं कोण मारते? अन् हा हिरवा दोरा माह्या शालीचा. शाल फाटली तवापासून मी गोंड्यात थोडा थोडा मिळवून राह्यली.”

तिने काखेतल्या पिशवीतून एक तयार गोंडा काढला आणि फोटोशेजारी धरला. काळी लोकर, हिरवा दोरा, खाली दोन उलट्या गाठी.

आता हे सांगायला हवं की जहीरभाईंच्या गॅरेजातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बंपरखाली बिस्मिल्लाबी नजरेचा काळा गोंडा बांधते. कोणी मागो न मागो. ट्रकवाले खूश होतात, मोटारवाले जरा लाजतात, पण म्हाताऱ्या माणसाने दुवा देऊन बांधलेली गोष्ट सोडून फेकायची छाती कोणाची होत नाही. अतिया हे लहानपणापासून रोज पाहत आली होती. रोज पाहत होती म्हणूनच कधी पाहिलं नव्हतं. ज्या शेवाळावर तिने वर्षभर पानंच्या पानं लिहिली ते शेवाळ दादीच्या शालीचं निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ती धावत पुढे गेली. जहीरभाई एका ट्रकखाली होते, फक्त पाय दिसत होते. अतियाने पायांना विचारलं.

“अब्बा, तीन वर्षांपैले आपल्याकडे एक जुनी काळी मोटार आलती का? डावी लाईट फुटलेली?”

पायांनी जरा विचार केला.

“आलती ना. तू पुसदले होस्टेलवर होती तवा. हैदराबादेकडून आलती, इंजिनात पेट्रोल चढत नव्हतं. डायवर म्हने शूटिंगची गाडी हाय, रस्त्यात कुठी थांबू नको म्हनलं हाय मले, जल्दी करा. म्या म्हनलं, जाय, जेवून घे. तो जेवला अन् तिथंच खाटेवर झोपला. तवर म्या लाईट बसवून टाकली, दरवाजाचा पोचा काढून टाकला.”

“त्यानं सांगितलं होतं का तसं?”

“तो कायले सांगंल? तो तर घोरून राह्यला होता.”

“मग तुमी काहून केलं?”

पाय सरकले, मागून पोट आलं आणि शेवटी चेहरा आला. ग्रीसने माखलेल्या त्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं. “काहून म्हनजे? एका डोळ्याची गाडी म्या रस्त्यावर सोडू?”

 अतियाला फैजचाचा आठवला. जहीरभाईंचा धाकटा भाऊ. याच हायवेवर संध्याकाळच्या अंधारात समोरून एक दिवा येताना त्याला दिसला, त्याला वाटलं मोटारसायकल आहे, म्हणून तो पुढची गाडी ओलांडायला निघाला. तो एका दिव्याचा ट्रक होता. त्यानंतर जहीरभाईंनी गॅरेजचा एकच नियम केला. बिघाड काहीही असो, गिऱ्हाईक काहीही म्हणो, इथून निघणाऱ्या गाडीचे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. ते हे कोणाला समजावत बसत नसत. बसवून टाकत.

“तुमी मले कधी सांगितलं काहून नाही?” अतियाने शेवटी विचारलं.

“तू कधी विचारलं का? अन् तुही ते मालिका म्या पाहत नाही. गाय बोलली तवाच म्या उठलो.”

अतिया खोलीत येऊन बसली. आता खोटं कशाला सांगायचं, तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की हे कोणाला कळायची गरज नाही. दादी लाइव्ह पाहत नाही, अब्बा गाय बोलली तेव्हाच उठलेले. दोन गाड्यांची गोष्ट सुंदर होती, लोकांना हवी होती, आणि इंद्रजितनाही तीच हवी असणार. दुसरा विचार आला तो मोनालीचा. गाडी एकच आहे, दिवा वाटेत कोणीतरी बदलला. हे त्या बाईला कसं माहीत?

तिने मोनालीला निरोप पाठवला. “दिवा माझ्या वडिलांनी बसवला. तुम्हाला कसं कळलं होतं?” निरोप पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

“कोणत्या गावात?” पलीकडून आवाज आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“पांढरकवडा.”

 मोनाली हसली. “अन् मी तिथून जवळच्या राळेगावची. घरापाशीच घात झाला म्हण ना माहा.”

मोनाली त्या मालिकेत कंटिन्युइटी पाहायची. म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप कोणत्या हातात होता, कुंकू किती पुसलेलं होतं, दिवा कोणता फुटलेला होता, हे सगळं तिच्या डोक्यात आणि तिच्या फोटोंत. गाडी बोगद्यात शिरते तो शॉट हैदराबादेकडे घेऊन गाडी घाटाकडे निघाली तेव्हा दिवा फुटलेला होता. गाडी बाहेर निघते तो घाटातला बोगदा त्यांना एका सकाळपुरताच मिळाला होता. गाडी आली ती दोन दिव्यांची. मोनाली ओरडली, तर ड्रायव्हर शपथ घेऊन म्हणाला गाडी कुठेच थांबली नाही. तिने दगडाने दिवा फोडू द्या म्हटलं, तर गाडी त्याच्या मालकाची, तो हात लावू देईना. इंद्रजित म्हणाले, वेळ नाही, घ्या शॉट. मालिका लागली, एका पेपरवाल्याने दिव्यावरून खिल्ली उडवली, आणि त्या आठवड्यात मोनालीला घरी पाठवलं. हिचं लक्ष नव्हतं, असं सगळीकडे सांगितलं. तिचे फोटो कोणी पाहिले नाहीत.

“पुढं तुमी लोकं आले,” मोनाली म्हणाली. “वेणी, शेवाळ, दोन गाड्या. चूक होती तोवर ते माही होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या तवापासून त्याईची झाली.”

अतियाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “म्या तुमाले ‘भूत बदलंल का’ म्हनलं होतं.”

“म्हनलं होतं खरं. लय हसले होते लोकं.”

“रविवारी म्या सांगते सगळं. तुमचं नाव घेऊन सांगते.”

“नको सांगू,” मोनाली म्हणाली. तिचा आवाज शांत होता, रुसलेला नव्हता. “तो इंद्रजित मानणार नाही. मले काही भेटणार नाही अन् तुही जागा जाईन. मी आता नागपूरले लग्नाचे व्हिडिओ करून राह्यली, भागते माह्यं. मले पाह्यजे होतं ते भेटलं. दिवा फुटलेला होता, माह्यं डोकं ठिकाणावर होतं, हे मले कळलं. तू जाय मुंबईले.”

अतियाने फोन ठेवला. ती रडली नाही, जागली नाही, जेवायला बसली आणि दोन वेळा भाजी मागून घेतली. तिला जागा हवी होती, फार हवी होती, आणि ती जागा दुसऱ्या बाईच्या जागेवर पाय देऊन मिळत होती. या दोन गोष्टी एका ताटात मावत नव्हत्या. ताटातलं संपेपर्यंत तिचं ठरलं. तिला वाटलं, खरी गोष्ट आपल्या खोट्या गोष्टीपेक्षा चांगली आहे. ती मी सांगितली तर पटेल. माझं सांगणं आजवर कोणाला पटलं नाही असं झालंय का?

रविवारी लाइव्ह तिने खोलीतून केलंच नाही. टायरांच्या थप्पीवर फोन ठेवून ती गॅरेजात उभी राहिली. एका बाजूला दादी गोंडा घेऊन, दुसऱ्या बाजूला अब्बा. त्यांनी शुक्रवारच्या नमाजचा इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि हातात उगाच एक पाना धरला होता. फोनमध्ये इंद्रजित दिसत होते, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज मधात भिजवलेला.

“तर अतिया. वेणीच्या शोधकर्त्या! सांगा, डावा दिवा कुठून आला?”

“पांढरकवड्याहून, सर,” अतिया म्हणाली. “गाडी एकच आहे. दोन गाड्यांची गोष्ट मीच सांगितली होती, ती मी आज परत घेते.”

आणि तिने सगळं सांगितलं. पेट्रोल कसं चढत नव्हतं, ड्रायव्हर कसा झोपला, फैजचाचा कसा गेला, गॅरेजचा नियम काय. दादीने गोंडा पुढे धरला. हिरवा दोरा अगदी फोनला टेकवला. अतिया कुठे अडखळली नाही. शेवटी ती म्हणाली, “तुमच्याकडे मोनालीताई होत्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की गाडी निघाली तेव्हा दिवा फुटलेला होता. त्या बरोबर होत्या. त्यांना काढलं ते चुकीचं झालं.”

इंद्रजितांचा चेहरा क्षणभर नुसता चेहरा झाला. त्यांच्या डोळ्यांत ती सकाळ, तो बोगदा, ओरडणारी मोनाली, सगळं येऊन गेलेलं अतियाने पाहिलं. पाहणं तिचं कामच होतं. मग ते हसले.

“वा! अतिया, काय सुंदर रचलंय. हायवेवरचा मेकॅनिक, भावाचं दुःख, आजीची लोकर. मला ही थिअरी फार, फार आवडली.”

“ही थिअरी नाही, सर. हे झालं.”

“झालं आणि झालं नाही, यांच्या मधोमध तर आपला बोगदा आहे!” ते म्हणाले. “आणि तुम्ही चक्क पात्रंही उभी केली आहेत.”

जहीरभाई पुढे वाकले. त्यांच्या मिशीने पूर्ण पडदा भरला. “पात्र नाही, साहेब. मेकॅनिक.”

खाली लोकांचे शेरे धावत होते. आमच्या गावचा मेकॅनिक चांगला दिवा काढून घेतो, फुकट बसवणारा कोण हा? अतिया मॅडमची गाडी घसरली. एवढं तर गायीचं बोलणंही खोटं वाटलं नव्हतं. गोंडा काय, शेवाळ ते शेवाळच! अतिया वाचत राहिली. विहीर गाते हे ज्यांना पटलं होतं, त्यांना न सांगता दिवा बसवणारा माणूस पटत नव्हता. तिला एकदम सगळ्यांची चीड आली आणि त्यात वर्षभरापूर्वीची अतियाही होती.

पुढचं नाव प्रेमसिंग मास्तरांचं होतं. त्यांनी दोन गाड्या, वेणी आणि शेवाळ सांगितलं, अतियाच्याच शब्दांत, काना-मात्राही न बदलता. इंद्रजित म्हणाले, “हेच!” आणि मुंबईची जागा मास्तरांना मिळाली.

मास्तर भला माणूस. त्यांचा लगेच फोन आला. “मॅडम, तुमी जे सांगितलं ते खरं होतं का?”

“खरं होतं, सर.”

“मग आता म्या काय करू?”

“जा ना मुंबईले. तिथं बसून पैले त्या गाईले बोलाले लावा. दोन वर्षं झाले, बिचारी तोंड दाबून राह्यली.”

हे ती हसत म्हणाली, पण फोन ठेवल्यावर तिने भिंतीवरचा फोटो काढून टाकला. जागा गेली होती. दुःख झालं, चांगलं सणसणीत झालं. पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडेना, तेव्हा तिने शोधणं सोडलं.

जहीरभाईंचं मात्र काहीतरी बिनसलं. “त्या पोरीची नोकरी माह्या लाईटीनं गेली?” त्यांनी संध्याकाळी विचारलं.

“तुमच्या लाईटीनं नाही, अब्बा. त्या माणसाच्या तोंडानं.”

“पर लाईट तं माहीच ना,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना विचारू लागले. याची लाईट नीट करू का ठेवू तशीच? हा पोचा काढू का राहू देऊ? जुने ट्रकवाले चक्रावले. एकाने अतियाला बाजूला घेऊन विचारलं, तुह्या अब्बाची तब्येत बरी नाही का? दादीने गोंडे बांधणं थांबवलं नाही, पण तीही म्हणू लागली की जहीर बदलला, गाडी पाहून त्याचा हात पुढं जात नाही. आणि असं महिनाभर चाललं.

मग एका सकाळी गॅरेजापुढे एक स्कूटर येऊन थांबली. उतरलेल्या बाईने हेल्मेट काढलं, ओढणी झटकली, गॅरेजाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. टायरांची थप्पी, खाट, ट्रक, भिंतीवर टांगलेले गोंडे. एखाद्या जागेची उजळणी करावी तसं.

“मोनालीताई?” अतियाने विचारलं.

“राळेगावले आईकडे आलती. म्हनलं, गाडी थांबली होती ती जागा तं पाहून याव.”

दादीने तिला खाटेवर बसवलं, चहा आला. मोनालीने सांगितलं की अतियाचं ते लाइव्ह बोगद्याच्या वेळी हजर असलेल्या कॅमेरामनने पाहिलं. इतर लोकांना ती थिअरी वाटली असेल, पण तो त्या सकाळी तिथे उभा होता. त्याने फोन करून एवढंच म्हटलं की तेव्हा आम्हीही गप्प बसलो होतो. आता नागपूरला त्याची नवी मालिका सुरू होतेय आणि कंटिन्युइटी मोनालीकडे आहे.

“मले सोबत एक पोरगी पाह्यजे,” मोनाली म्हणाली. “लय फिरावं लागते, उन्हात उभं राहावं लागते, अन् तिथं कोणी मॅडम म्हनत नाही. येतेस का?”

अतियाने भिंतीवरच्या गोंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “पर ताई, म्या तं दादीचा गोंडा ओळखला नाही.”

“तेच तं. तुले दिसते बरोबर. सगळ्याईनं पाहिलं, वेणी तुलेच दिसली. ओळखता येत नाही तुले. ते म्या शिकवीन.”

“येते,” अतिया म्हणाली. जहीरभाईंकडे तिने पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती, ते ऐकतच नव्हते. ते मोनालीच्या स्कूटरमागे उभे होते.

स्कूटरचा मागचा लाल दिवा फुटलेला होता. जहीरभाईंच्या एका हातात नवी काच होती, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर, आणि दोन्ही हात हवेतच थांबले होते. सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलेलं पाहून त्यांनी काच पाठीमागे लपवली.

“पोरी,” ते म्हणाले, “माह्यानं तुह्यं लय नुकसान झालं. मले माहीत नव्हतं. आता तूच सांग, ठेवू का हे तसंच?”

मोनाली उठली. स्कूटरजवळ आली, फुटलेल्या दिव्यासमोर खाली बसली. “थांबा, चाचा,” ती म्हणाली. “हात लावू नका.”

जहीरभाई मागे सरकले. त्यांची मान खाली गेली.

मोनालीने पर्समधून फोन काढला. फुटलेल्या दिव्याचा एक फोटो समोरून घेतला, एक डावीकडून, एक उजवीकडून. तिन्ही फोटो नीट आलेत का ते पाहिलं, अतियालाही दाखवले. मग फोन पर्समध्ये टाकला आणि जहीरभाईंना जागा करून देत ती बाजूला झाली.

“आता लावा,” ती म्हणाली. “अन् दादी, तुमी गोंडा बांधा.”